पाडून मागणारा परवडला

मराठी माणसाचा स्वाभिमान नेमका कुठे राहतो हे शोधायचं असेल, तर त्याला ब्रिटनमध्ये फेसबुकवर एक जुनं नाणं विकायला लावा. त्याने शंभर पौंड मागावेत आणि समोरून निरोप यावा, ‘चाळीस देतो, आत्ता येऊन नेतो.’ झालं! ज्याने आयुष्यभर मेथीच्या जुडीवर कोथिंबीर फुकट मागितली, तुळशीबागेत तीनशेच्या पर्सला दीडशेपासून सुरुवात केली, तोच माणूस हॅरोतल्या सोफ्यावर फोन आपटतो आणि म्हणतो, ‘लोकांना काही लाजलज्जा?’

लाज आहे की. इंग्रज तर भाव पाडतानासुद्धा लाजतो. ‘चीकी ऑफर देतोय हं, राग मानू नका’ असं आधी म्हणतो आणि मग तुमच्या आकड्याचा निम्मा करतो. आपले लोक लाजत बसत नाहीत, ते थेट नातं जोडतात. ‘काका, आपल्या माणसाला कितीला द्याल?’ यातला दुसरा प्रकार जास्त घातक. इंग्रजाला ‘नो, थँक्स’ म्हणून मोकळं होता येतं. ‘काका’ म्हणणाऱ्याची बायको मात्र रविवारी मराठी शाळेच्या दारात आपल्या बायकोशेजारी उभी असते, आणि गणपतीच्या आरतीला तोच तबक घेऊन समोर येतो.

पण एवढा राग का यावा? बोली कमी असते म्हणून येतो, असं मला वाटत नाही. ती बोली वाचल्यावर ‘आपण शंभर कशावरून म्हणालो?’ हा प्रश्न स्वतःला विचारावा लागतो, म्हणून येतो. आणि त्याचं खरं उत्तर असतं: पेपरात वाचलं होतं.

इथल्या टॅब्लॉइडांचं हे एक कायमचं पीक आहे. ‘तुमच्या खिशात दडलंय घबाड!’ जानेवारी २०२० मध्ये आठव्या एडवर्डचं एक सोन्याचं सॉव्हरिन १० लाख पौंडांना विकलं गेलं. हा राजा वर्षभरही गादीवर टिकला नाही, त्याचं सॉव्हरिन चलनात आलंच नाही, आणि हे होतं नमुन्यादाखल पाडलेल्या मोजक्या नाण्यांपैकी एक. पण बातमी वाचणाऱ्याला एवढा तपशील कशाला हवा? त्याला फक्त ‘नाणं’ आणि ‘दहा लाख’ हे दोन शब्द दिसतात, आणि तो ड्रॉवर उपसायला लागतो.

क्यू गार्डन्सचं पन्नास पेनीचं नाणं घ्या. २००९ साली निघालं, त्यावर त्या बागेतला चिनी पॅगोडा आहे, आणि चलनात सोडलेली नाणी फक्त २ लाख १० हजार. २०१४ च्या सुरुवातीला रॉयल मिंटने, म्हणजे इथल्या सरकारी टांकसाळीने, हा आकडा जाहीर केला आणि देशभर लोक सुट्टे पैसे निरखून बघू लागले. आता २०२३ च्या सामन माशाच्या पन्नास पेनीने, २ लाख नाण्यांनिशी, दुर्मिळपणात त्याला मागे टाकलंय. वापरून गुळगुळीत झालेल्या पॅगोड्याला आज शंभराच्या पुढे काही पौंड मिळतात. पन्नास पेनीच्या मानाने हे काही थोडंथोडकं नाही. पण ईबेवर त्यालाच कुणी पाच हजार मागून ठेवतो, त्याच जाहिरातीची बातमी होते, बातमी वाचून दुसरा सहा हजार मागतो. विकलं कुणाचंच जात नाही. ईबेवर विकल्या गेलेल्या वस्तू वेगळ्या काढून दाखवणारी एक चौकट आहे. तीवर टिचकी मारायला पैसे पडत नाहीत, भ्रम मात्र जातो. म्हणूनच बहुधा कुणी मारत नाही.

२००८ च्या तारीख नसलेल्या वीस पेनीचीही हीच कथा. त्या वर्षी डिझायनर मॅथ्यू डेंटने एक पेनीपासून एका पौंडापर्यंतच्या नाण्यांना नवं रूप दिलं आणि वीस पेनीवरचा वर्षाचा आकडा मागच्या बाजूवरून राणीच्या बाजूला हलला. टांकसाळीत कुणीतरी नव्या मागच्या बाजूला जुनी राणी जोडली. दोन्हीकडे साल नाही असं नाणं तीनशेहून अधिक वर्षांत पहिल्यांदाच निघालं. २००९ मध्ये एका खासगी नाणे-कंपनीने जाहीर केलं, नगाला ५० पौंड देऊ. लोक उखडले. ‘ऐतिहासिक चूक, आणि पन्नास?’ म्हणून नाणी दाबून बसले. इतक्या वर्षांनंतरही बाजार त्या आकड्यापासून फार लांब गेलेला नाही. पाडून मागतोय असं ज्याला सगळे म्हणत होते, त्याने भाव अगदी ठाकठीक सांगितला होता.

आता आपल्या घरांतल्या खऱ्या ऐवजाकडे येऊ. ऐंशीच्या दशकात जो जो लंडनला आला, त्याने परत जाताना किंवा इथेच राहताना एक गोष्ट नक्की घेतली: चार्ल्स आणि डायनाच्या लग्नाचा १९८१ चा क्राऊन. मोठं, जड, चकचकीत, दोघांचे चेहरे एकामागे एक. प्लॅस्टिकच्या डबीत, त्या डबीवर मखमल, मखमलीवर विश्वास. डायना गेल्यावर विश्वास आणखी वाढला. हे नाणं तांबं-निकेलचं आहे, त्याची दर्शनी किंमत २५ पेन्स आहे, आणि अशी अडीच कोटींहून जास्त नाणी पाडली होती. म्हणजे तेव्हाच्या ब्रिटनमधल्या दर दोघा-तिघांमागे एक. राणीच्या १९७७ च्या रौप्यमहोत्सवाचा क्राऊन तर पावणेचार कोटींच्या घरात. ‘रौप्य’ फक्त महोत्सवाच्या नावात, नाण्यात नाही. त्याला कुणी एक पौंड देऊ केला तर तो तुमचा अपमान करत नाहीये, तो दर्शनी किमतीच्या चौपट देतोय. घ्या आणि दुकानदाराला चहा पाजा.

आणि भाव पाडण्यात सगळ्यांच्या वर कोण असेल तर खुद्द सरकारी टांकसाळ. २०१३ मध्ये रॉयल मिंटने चांदीचं वीस पौंडांचं नाणं वीस पौंडांना विकायला काढलं. पुढे पन्नासचं पन्नासला, शंभरचं शंभराला. ऐकायला किती गोड! पैसे गुंतले पण कुठे गेले नाहीत, हवे तेव्हा बँकेत भरा. काही चतुर लोकांनी क्रेडिट कार्डावर ही नाणी घेतली, विमानाचे पॉइंट कमावले आणि नाणी बँकेत टाकली. मग २०१६ च्या सुरुवातीला मिंटने बँकांना कळवलं, ही नाणी घेऊ नका. ‘कायदेशीर चलन’ या शब्दांचा ब्रिटनमधला अर्थ कर्जफेडीपुरता, तोही कोर्टात. दुकान किंवा बँक ते नाणं नाकारू शकते. शंभराच्या नाण्यात होती दोन औंस चांदी, तेव्हाच्या भावाने वीसेक पौंडांची. म्हणजे शंभराला घेतलेल्या वस्तूला बाजार त्या सकाळी वीस म्हणाला. फेसबुकवरचा तो चाळीसवाला यापुढे संतच.

आता गिनी. म्हणजे सॉव्हरिन. आपल्याकडे आज्या, पणज्या तिला गिनीच म्हणत आल्या, आणि मीही इथे लंडनच्या सराफापुढे मनातल्या मनात तेच म्हणतो. ही एकच गोष्ट मराठी घरांत खरोखर मोलाची असते, आणि नेमकी तिचीच माती आपण आपल्या हाताने करतो. वजन ७.९८ ग्रॅम, २२ कॅरट, त्यात शुद्ध सोनं ७.३२ ग्रॅम. त्या दिवशीचा शुद्ध सोन्याचा ग्रॅमचा भाव गुणिले ७.३२, ही झाली तिची मोड. याच्या बराच खालचा आकडा हीच काय ती खरी पाडलेली बोली. ‘आम्ही सोनं घेतो’ अशी पिवळी पाटी लावलेल्या हाय स्ट्रीटवरच्या दुकानांत ती सर्रास ऐकू येते, कारण तिथे येणाऱ्याला बहुधा गरज असते आणि ७.३२ माहीत नसतो. नावाजलेला सराफी व्यापारी मोडीच्या अगदी जवळ देतो. गंमत म्हणजे तिची दर्शनी किंमत आजही एक पौंडच आहे, आणि ती चलन असल्यामुळेच इथे तिच्या नफ्यावर कॅपिटल गेन्स टॅक्स लागत नाही. कायद्याने एक पौंडाची, बाजारात शेकडो पौंडांची. हा विनोद ब्रिटिश सरकारला कसा सुचला, देव जाणे.

मोडीच्या वर काही मिळायचं तर नाणं संग्राहकाला आवडेल असं हवं. आणि इथे आपली संस्कृती आड येते. गिनीला आपण कडी डागली, पुतळीसारखी माळेत ओवली, आजीच्या गळ्यात चाळीस वर्षं मिरवली. डागाचा ठिपका राहिला की संग्राहक मान हलवतो. चांदीच्या रुपयांचं त्याहून वाईट. दर दिवाळीला लक्ष्मीपूजनाआधी चिंच आणि मीठ लावून घासायचे, लखलखीत करायचे, हळदीकुंकू लावायचे. शंभर वर्षांत नाण्यावर जो काळसर साज चढतो, त्याला संग्राहक पैसे मोजतो. आपण तो साज दरवर्षी नेमाने खरवडून काढलेला असतो, वर अभिमानाने सांगतो, ‘बघा, कसं नव्यासारखं ठेवलंय.’ भिंगाखाली त्या घासण्याच्या बारीक रेषा दिसतात आणि व्यापारी शांतपणे फक्त चांदीचा भाव सांगतो. यात त्याने काय पाडलं? पाडलं ते आपल्या चिंचेने.

मुंबईची गिनी हा आणखी एक हळवा कोपरा. पहिल्या महायुद्धात, १९१८ साली, मुंबईच्या टांकसाळीत रॉयल मिंटची शाखा काढून सॉव्हरिन पाडली गेली. एकाच वर्षी, पुन्हा कधी नाही. पाचव्या जॉर्जची बाजू उलटी करा, सेंट जॉर्जच्या घोड्याखाली, सालाच्या वरच्या जमिनीच्या रेघेवर रोमन ‘आय’ अक्षर बारीक कोरलेलं दिसेल. इंडियाचा आय. ते भिंगातून पाहिलं की इथल्या मराठी माणसाची छाती दोन इंच फुगते, ते ठीकच आहे, माझीही फुगते. पण त्याबरोबर अपेक्षाही फुगतात. अशी सुमारे १३ लाख नाणी पाडली गेली होती. साध्या गिनीवर थोडी वरकड मिळते, घर येत नाही. ‘आपल्या मुंबईचं आहे हो’ हे वाक्य लंडनच्या लिलावगृहात कॅटलॉगमध्ये घालत नाहीत.

शिवराईबद्दल तर गप्पच बसलेलं बरं. पुण्याच्या जुन्या बाजारात काही शे रुपयांना मिळणारं तांब्याचं नाणं, जे शिवकाळानंतरही कितीतरी वर्षं पाडलं जात होतं, ते सुटकेसमधून इथे आणून कुणी हजार पौंड मागत असेल तर कमी बोली ही त्याची सगळ्यात लहान अडचण आहे. भारताच्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांवरचं नाणं ही पुरावस्तू, आणि ती खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. पाडून मागणाऱ्यावर रागावण्याआधी विकणाऱ्याने कागदपत्रं काढावीत.

व्यापारी कमी का देतो, हे समजून घ्यायचं असेल तर एखाद्या रविवारी बर्मिंगहॅमजवळच्या मोटारसायकल संग्रहालयात जा. हो, मोटारसायकल. मिडलंड कॉइन फेअर तिथेच भरते. टेबलं मांडलेली, हिरव्या कापडावर तबकं, मागे वयस्क माणसं थर्मासमधला चहा पीत बसलेली. तुम्ही नाणं पुढे करता. ते कडेने धरतात, भिंग डोळ्याला लावतात, उजेडात एकदा तिरकं करतात, आणि एक आकडा सांगतात. प्रस्तावना नाही, माफी नाही. त्या आकड्यात टेबलाचं भाडं असतं, नाणं वर्षभर तबकात पडून राहण्याची जोखीम असते, आणि खोटं निघाल्यास त्यांच्या नावाला लागणारा डाग असतो. क्यू गार्डन्सचीही बनावट नाणी फिरतात म्हटल्यावर भिंग जरा जास्त वेळ लावतात, त्याला कंजूसपणा म्हणू नये. लिलावात टाकलंत तरी फुकट काही नाही. मोठी लिलावगृहं खरेदीदाराकडून बोलीवर वीस टक्क्यांहून जास्त घेतात, तुमच्याकडूनही कमिशन घेतात. खरेदीदार वेडा नसतो, तो त्याचे वीस टक्के आधीच तुमच्या बोलीतून वजा करतो. इथे मात्र कुणी ‘काय पाडून मागतात’ म्हणत नाही, कारण लिलावगृहाचा पत्ता मेफेअरचा असतो.

आपल्याला हे नवं आहे असंही नाही. पेशवाईत अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही असे नाना तऱ्हांचे रुपये फिरत, आणि सराफ प्रत्येकावर बट्टा कापत असे. झिजला म्हणून बट्टा, परगावचा म्हणून बट्टा. १८३५ मध्ये कंपनी सरकारने सगळीकडे एकच रुपया केला आणि सराफाच्या या चरण्याला आळा बसला. त्या काळातली आपली खापरपणजोबा मंडळी बट्ट्यावर चिडून व्यवहार मोडत नसत. घासाघीस करत, नाहीतर पुढच्या सराफाकडे जात. ही साधी रीत आपण कुठे हरवली कोण जाणे. आपण आता स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकतो, ‘बघा काय माणसं आहेत!’

म्हणून माझा कल पाडून मागणाऱ्याच्या बाजूने आहे. तो निदान खरा असतो. त्याच्याकडे चाळीस पौंड असतात, तो दारात येतो, नाणं हातात घेऊन बघतो. त्याच्यामुळे तुमचं नुकसान शून्य. नुकसान करतो तो दुसरा, जो शंभराला एकशेचाळीस म्हणतो. ‘अगदी असंच शोधत होतो! मी कामात अडकलोय, कुरिअरवाला पैशांचं पाकीट घेऊन येईल, फक्त विम्याचे पन्नास पौंड तुम्ही आधी भरा, पाकिटात ते परत आहेत.’ पाकीट कधी येत नाही, पन्नास मात्र जातात. त्याच्यावर कुणी रागावलेलं मी पाहिलेलं नाही. ‘किती सभ्य माणूस,’ असंच म्हणतात, निदान संध्याकाळपर्यंत.

भारतात याची मोठी आवृत्ती चालते. वैष्णोदेवीचं चित्र असलेलं साधं पाच रुपयांचं नाणं लाखोंना विका, असे व्हिडिओ नातेवाइकांच्या ग्रुपवरून इथेही येतात. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर सांगावं लागलं, की जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारांसाठी तिचं नाव आणि चिन्ह वापरून लोकांकडून शुल्क, कमिशन, कर उकळले जातायत, आणि बँकेचा याच्याशी काडीचा संबंध नाही. शिवाय राम-सीता, हनुमान कोरलेली, १८१८ साल आणि ईस्ट इंडिया कंपनीचं नाव असलेली ती तांब्याची ‘नाणी’. कंपनीने ती कधी पाडलीच नव्हती. इथल्या व्यापाऱ्याने त्याला दोन पौंड देऊ केले तर दीड पौंड त्याने देवाधर्माच्या खात्यात टाकले असं समजा.

मग बोलीला उत्तर कसं द्यावं? लहान. नाणं जाहिरातीत टाकायच्या आधीच खालचा आकडा कागदावर लिहा. गिनी असेल तर मोड, बाकी नाण्यांना विकल्या गेलेल्या किमती. ईबेवर त्याच्या खालच्या बोली आपोआप परतवण्याची सोय आहे, ती लावून टाका, म्हणजे रात्री अकराला रक्तदाब वाढणार नाही. बाकी ठिकाणी एकदाच प्रतिआकडा सांगा. ‘पंच्याऐंशी. आज नेलंत तर.’ पुढे भाषण नको, आजीच्या आठवणी नकोत, ‘तुम्हाला नाण्यातलं कळत नाही’ तर मुळीच नको. त्याला कळतं, म्हणूनच तो चाळीस म्हणाला. व्यापाऱ्याने कमी सांगितलं तर एकच प्रश्न विचारा: ‘नाण्यात काय कमी आहे?’ बहुतेक जण प्रामाणिकपणे सांगतात, आणि ती फुकटची शिकवणी असते. मग दुसऱ्या टेबलावर जा. दोघांनीही तोच आकडा सांगितला तर बाजाराने सांगितला असं समजा.

आपल्या माणसांसाठी माझ्याकडे वेगळा दर नाही. ‘आपल्या माणसाला किती?’ या प्रश्नाला मी तोच आकडा सांगतो आणि चहा विचारतो. चहा घेतात, नाणं बहुतेक वेळा घेत नाहीत.

आणि एखाद्या संध्याकाळी समोरून न मागता जास्तीची बोली आली, तर तिथेच थांबा. पैसे तुमच्या बँक खात्यात पूर्ण जमा झाल्याचं तुमच्याच अॅपमध्ये दिसल्याशिवाय नाणं हाताबाहेर जाऊ देऊ नका, आणि विमा, कुरिअर, कर अशा कुठल्याही नावाखाली एक पेनीसुद्धा आधी भरू नका.